कान्हेरीला गेलात, पण विहार पाहिलात का?

कान्हेरीला गेल्यावर आपण काय करतो? तिसऱ्या लेण्यातलं चैत्यगृह, उंच बुद्धमूर्तीसमोर फोटो, की परत बोरिवली. मीही पहिल्यांदा तेच केलं. पण अशा भेटीत मूर्ती दिसते आणि विहार निसटतो, ही माझी तक्रार आहे.

इथे शंभरावर लेणी आहेत. त्यातली बरीचशी साधी: एक खोली, ओसरी, दगडी बाक. म्हणजे हे राहायचं ठिकाण. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी थांबायचं, हा वर्षावासाचा नियम. पण पाऊस गेल्यावर प्यायचं काय? लेण्याच्या बाजूला बघा: कातळात कोरलेल्या पन्हळी, आणि अंगणाच्या कडेला पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं. शिलालेखांत लेण्यासोबत पोढीचंही दान नोंदलंय. दात्यांच्या लेखी पाणी साठवणं हे पुण्यच होतं.

आपल्या लेखी मात्र टाकं म्हणजे रिकामी बाटली टाकायचा खड्डा! पुढच्या वेळी मूर्तीला नमस्कार करून झाला, की एक पन्हळ धरून चालत जा. तिचं पाणी कुठे पोचतं ते शोधा. विहार तिथे भेटेल.