‘ब्राह्मी’ नेमकी कोणती? : स्मृतिवर्धक वनौषधींच्या दाव्यांची चिकित्सा

परीक्षांचे दिवस जवळ आले की स्मरणशक्ती वाढविणारी सिरपे व गोळ्या औषधाच्या दुकानांत दर्शनी भागी येतात. आयुर्वेदाची परंपरा आणि आधुनिक संशोधन अशी दुहेरी साक्ष त्यांच्यासाठी काढली जाते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप वनौषधींवर नसून या दोन साक्षींच्या सरमिसळीवर आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मेध्य रसायने चार सांगितली आहेत : मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. आजच्या बाजारात अग्रस्थानी असलेली ब्राह्मी या चौघांत नाही. तिचे घृत येते ते अपस्माराच्या चिकित्सेत. शिवाय ब्राह्मी म्हणजे कोणती वनस्पती, हाच मूळ प्रश्न आहे. भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशानुसार ब्राह्मी म्हणजे बकोपा मोनिएरी व मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. दुसरी कोथिंबिरीच्या कुळातील; पहिलीचे कूळ सर्वस्वी वेगळे. व्यवहारात मात्र दोन्ही ‘ब्राह्मी’ म्हणूनच विकल्या जातात. शंखपुष्पीची स्थिती याहून बिकट. केरळात ते नाव गोकर्णीला आहे!

आता आधुनिक साक्ष पाहू. ऑस्ट्रेलियात २००१ साली ४६ निरोगी व्यक्तींवर झालेल्या प्रयोगात बकोपाचा ३०० मिलिग्रॅम प्रमाणित अर्क रोज देण्यात आला. परिणाम प्रामुख्याने दिसला तो बाराव्या आठवड्यात. परीक्षेच्या आदल्या पंधरवड्यात बाटली आणणाऱ्या पालकांना हे कोण सांगणार? तेथेच २००२ साली ४० ते ६५ वयाच्या ७६ व्यक्तींवर दुसरा प्रयोग झाला. त्यात नव्याने शिकलेले विसरण्याचे प्रमाण घटले, पण शिकण्याचा वेग वाढला नाही. पहिल्या प्रयोगात तो वाढलेला आढळला होता. अशा विसंगत व अल्पसंख्य निष्कर्षांवरून शाळकरी मुलांविषयी विधान करणे शास्त्रीय शिस्तीत बसत नाही. मोठ्या चाचणीत काय घडू शकते, याचे उदाहरण गिंको बिलोबाचे आहे. अमेरिकेत ३,०६९ वृद्धांना सुमारे सहा वर्षे गिंकोचा अर्क किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अर्काने घटले नाही, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

‘ब्राह्मी उपयोगी आहे काय’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. कोणती वनस्पती, तिचे कोणते अंग, कोणता अर्क, किती काळ, एवढे ठरल्यावाचून होकार वा नकार दोन्ही निरर्थक. यांतील पहिल्या प्रश्नासाठी महाविद्यालयाबाहेर जाण्याचीही गरज नाही : स्थानिक बाजारातील ब्राह्मीचूर्णाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हा वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील प्रकल्प आहे.