कला अकादमीच्या वास्तुरचनेचा वाद : एक समीक्षा

प्रास्ताविक : पणजी येथील कला अकादमी ही चार्ल्स कोरिया यांनी रेखाटलेली व १९८३ मध्ये पूर्ण झालेली वास्तू कांपाल येथे मांडवीच्या काठी आहे. तिच्याविषयी झालेल्या सार्वजनिक वादाची समीक्षा करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

वास्तुविचार : रस्त्यालगत भव्य दर्शनी भाग न उभारता कोरिया यांनी बुटकी, मोकळी वास्तू योजिली. तिच्या सावलीतून नागरिकास तिकीट न काढताही नदीपर्यंत जाता यावे, ही मूळ कल्पना. दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर तर मारिओ मिरांडा यांनी रंगविलेले प्रेक्षक बसलेले आहेत.

वादाचे स्वरूप : २०१९ मध्ये खुला रंगमंच पाडण्याचा विचार शासनाने मांडताच वास्तुरचनाकार व कलावंतांनी विरोध केला. एका पक्षाने बांधकामाच्या क्षीणतेचा, दुसऱ्याने वारशाचा मुद्दा मांडला. दोन्ही मुद्दे रास्त होते. परंतु दुरुस्तीनंतर ध्वनी, प्रकाश व मुक्त वावर कितपत टिकेल, हा प्रश्न मागे पडला. नूतनीकरण चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. नोव्हेंबर २०२३ मध्ये वास्तू पुन्हा खुली झाल्यावर कलावंतांनी ध्वनी व प्रकाशयोजनेतील उणिवा दाखविल्या आणि २०२४ मध्ये शासनाला कृतिदल नेमावे लागले.

निष्कर्ष : सभागृहाची खरी कसोटी प्रयोगाच्या वेळी लागते. म्हणून कलावंत व प्रेक्षक यांचे मत आराखड्याच्या टप्प्यावरच घेतले जावयास हवे. बारामती, इंदापूर यांसारख्या तालुक्यांत सभागृहे बांधतानाही हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे.