रेषेच्या आतला रंग

हाताने काढलेल्या चित्रांचा एखादा गेम पाहिला की आपण रेषेला दाद देतो. रंग मात्र मागाहून कुणीतरी ‘भरलेला’ असतो. त्याला दिलेली ही दुय्यम जागा मला मान्य नाही. सिनेमात पात्र गर्दीत क्षणभर दिसेनासं झालं तरी बिघडत नाही. गेममध्ये ते नजरेआड झालं की खेळणारा डाव हरतो.

ॲडलेडच्या ‘टीम चेरी’ या चिमुकल्या चमूने हे नेमकं ओळखलं. ‘हॉलो नाइट’ (2017) या गेमच्या नायकाला त्यांनी काळपट झगा आणि वर पांढराशुभ्र मुखवटा दिला. अंधाऱ्या गुहांमध्ये डोळा त्या पांढऱ्यालाच धरून चालतो. त्याच वर्षीच्या ‘कपहेड’मध्ये पात्रं कागदावर शाईने रेखली, रंग संगणकावर भरले आणि पार्श्वभूमी जलरंगात ठेवली. पाझरत्या जलरंगावर सपाट रंगाचं पात्र उठून दिसतं. जुन्या सेल-ॲनिमेशनचीच ही जाण.

मेहनतीचा हिशेब मांडून पाहा. चालण्याच्या एका आवर्तनाला 12 चित्रं आणि पात्राच्या अंगावर 7 रंग धरले, तर 84 वेळा रंग ओतायचा. अशा सहा हालचाली म्हणजे 504 वेळा. रेषेत केसभर फट राहिली की रंग बाहेर सांडतो. एका चित्रात फेट्याची सावली जराशी सरकली, तर खेळताना फेटा लुकलुकतो. 2016 साली मोफत खुल्या झालेल्या ‘ओपनटून्झ’ या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये रंगपेटीतली एक छटा बदलली की त्या छटेने रंगवलेली सगळी चित्रं बदलतात. थोड्या पैशांत काम करणाऱ्यांसाठी हा फार मोठा आधार आहे.

मराठी मुलखात रंगाची हौस जुनी. ‘प्रभात’ फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ (1933) हा चित्रपट रंगीत करण्यासाठी जर्मनी गाठली. रंग मनासारखे उतरले नाहीत. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी’ (2020) हा गेम देखणा आहे, त्यातले छायाबाहुल्यांच्या ढंगाचे कथाप्रसंग तर फारच सुंदर. पण त्याची पात्रं त्रिमितीय आहेत. एकेक चित्र रंगवत उभ्या केलेल्या पात्राची वाट वेगळी, आणि मला ती आपल्याकडे रुजलेली हवी आहे.

मेळघाटातल्या धारणीत राहून या कामाकडे पाहताना तयार रंगपेट्या अपुऱ्या वाटतात. इथे फाल्गुनात पळस पेटतो, सागाचा पाचोळा तपकिरी होतो; श्रावणात तेच रान हिरवंगार. या दोन्ही ऋतूंत धावणारी कोरकू मुलगी कोणत्या रंगात रंगवायची? लाल लुगडं पावसाळी रानात झळकेल, पळसाखाली विरघळेल. हळदी पिवळं वाळल्या गवतात बुडेल. गडद निळं पाचोळ्यावर उठेल, पण ढगाळ दुपारी सागाखाली काळं पडेल. माझा कौल निळ्यालाच. फक्त पदराला पांढरा काठ हवा, आणि तो प्रत्येक चित्रात, तिच्या पाठीमागे उडताना दिसेल इतका रुंद.