अभंग, कचेरी आणि निरूपण

संतकाव्य गायिले जाते तेव्हा त्यातील काव्याचे काय होते, हा प्रश्न महाराष्ट्रात सहसा उद्भवत नाही. ऐकणाऱ्याला शब्द आधीच पाठ असतात. गायकाने एखादे अक्षर गिळले तरी श्रोता ते मनात भरून काढतो. भाषेची सीमा ओलांडली की ही सोय उरत नाही. म्हणून या प्रश्नाचा विचार पुण्यापेक्षा बेंगळूरला बसून करणे अधिक उपयोगाचे आहे.

बेंगळूरच्या नागरजीवनात रामनवमीचे स्थान विशेष आहे. चैत्राच्या उन्हात पानक, कोसंबरी आणि ताक वाटले जाते आणि त्याच दिवसांत पेठापेठांतून मंडप उभारून संगीताचे कार्यक्रम होतात. चामराजपेठेतील श्रीरामसेवा मंडळी एस. व्ही. नारायणस्वामी राव यांनी १९३९ साली स्थापन केली आणि पुढे फोर्ट हायस्कूलच्या मैदानावरील तिचा महोत्सव सबंध दक्षिणेत नावाजला गेला. कर्नाटक संगीताच्या आचार्यांप्रमाणेच भीमसेन जोशी यांच्यासारखे हिंदुस्थानी गायकही तेथे गाऊन गेले. या मंडपातील संगीत ही केवळ करमणूक नव्हे आणि निव्वळ उपासनाही नव्हे. कचेरी संपली की घरी जाऊन जेवायचे आणि सकाळी कामावर जायचे, अशा जीवनक्रमाचाच तो एक भाग आहे. दैनंदिन जीवन, उत्सव आणि रंजन यांच्या सीमा जेथे अशा पुसट होतात, तेथेच अलीकडच्या दशकांत मराठी अभंग मानाने येऊन बसला आहे. मैफलीच्या उत्तरार्धात श्रोते त्याची वाट पाहतात आणि तो सुरू होताच टाळ्यांचा ठेका धरतात. त्यांतील बहुसंख्यांना मराठी येत नाही.

या घटनेकडे पाहण्याच्या दोन रूढ पद्धती आहेत. एक अभिमानाची : मराठी संतवाणीने भाषेच्या भिंती पाडल्या, असे ती म्हणते. दुसरी तक्रारीची : शब्द न कळणाऱ्या श्रोत्यांपुढे अभंग म्हणजे तालावर उड्या मारणारी चीज झाली, असे तिचे म्हणणे. दोन्ही मतांत थोडथोडे तथ्य आहे; पण अभंग या वाटेने येथवर आला कसा आणि वाटेत त्याने काय टाकले, हे दोन्ही मते विचारीत नाहीत.

प्रथम वाटेचा विचार करू. मराठीला बेंगळूर परके नाही. १६३८ साली विजापूरच्या सैन्याने हे शहर घेतल्यानंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये याने रचलेल्या आणि पुढे वि. का. राजवाडे यांनी संपादिलेल्या ‘राधामाधवविलासचंपू’त शहाजींच्या दरबारी अनेक भाषांतील कवी आपापल्या भाषेत रचना सादर करताना दिसतात. एका सभेत अनेक भाषा ऐकण्याची सवय या भूमीला तेव्हापासूनच आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. शहाजींचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १६८७ मध्ये बेंगळूर मराठ्यांच्या हातून गेले. राजकीय सत्तेचा हा अध्याय अल्पजीवी ठरला. पण तंजावरच्या दरबाराने मराठी कीर्तनाला दक्षिणेत जे घर दिले, ते टिकले. एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबावा मोरगावकर यांच्यासारख्या महाराष्ट्रीय कीर्तनकारांची कीर्तने तेथे झाली; ती ऐकून कृष्ण भागवतरांनी तामिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी रचनाप्रकार त्या हरिकथेत आपल्या मराठी नावांनिशी रुजले. दक्षिणेतील नामसंकीर्तनाच्या परंपरेतही मराठी अभंगांना जागा मिळाली. आजच्या कर्नाटक मैफलीतील अभंग आला तो या जुन्या वाटेने. त्यात ध्वनिमुद्रिकांच्या युगात भीमसेनांच्या अभंगवाणीचा प्रवाह मिसळला आणि मुंबईत वाढलेल्या अरुणा साईराम यांच्यासारख्या गायिकांनी त्याला कर्नाटक मंचावर लोकप्रियता मिळवून दिली.

देवघेव एकमार्गी नव्हती, हेही येथेच नमूद करावयास हवे. ज्ञानदेवांनी विठ्ठलाला कानडा म्हटले आहे, आणि या दैवताच्या दाक्षिणात्य मुळांचा शोध रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विस्ताराने घेतला आहे. कर्नाटक संगीताचे पितामह मानले गेलेले पुरंदरदास आपली नाममुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’ अशी घालतात. मराठी रंगभूमीचा उगमही कानडी भागवतांच्या खेळांपासून फार दूरचा नाही : तसले खेळ पाहून सांगलीच्या अधिपतींनी इच्छा व्यक्त केली आणि विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. ‘शाकुंतल’ (१८८०) लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. अशा शेजारात कोणी कोणाला काय दिले याचा हिशेब मांडणे व्यर्थ आहे. कोणती वस्तू कोणत्या रूपात पोहोचली, एवढेच पाहण्यासारखे आहे.

आता रूपाकडे वळू. अरियकुडी रामानुज अय्यंगार (१८९०-१९६७) यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या आधुनिक कचेरीच्या आराखड्यात वर्णम्, कृती, मग विस्ताराने मांडलेली मुख्य रचना किंवा रागम्-तानम्-पल्लवी आणि शेवटी हलक्या रचना असा क्रम असतो. या शेवटच्या भागाला दक्षिणेत ‘तुक्कडा’ म्हणतात. मराठी वाचकाला ‘कचेरी’ आणि ‘तुकडा’ हे दोन्ही शब्द ओळखीचे वाटतील, आणि अभंगाची जागा या तुकड्यात आहे. याचा अर्थ असा की, श्रोत्यांची बुद्धी दोन तास रागविस्ताराच्या व तालगणिताच्या मागे धावून दमल्यावर अभंग येतो. तो विसावा म्हणून येतो. या जागेमुळे अभंगाला कमीपणा येत नाही, पण त्याच्याकडून कशाची अपेक्षा आहे हे ठरून जाते. विसाव्याच्या वेळी श्रोता नवा अर्थ शोधीत नाही; त्याला लय आणि ओळखीचे नाम हवे असते.

परिणामी निवड आपोआप होते. कर्नाटक मंचावर अतिशय आवडता झालेला ‘तीर्थ विठ्ठल’ हा नामदेवांचा अभंग उदाहरणादाखल घ्यावा. राम फाटक यांनी त्याला अहीरभैरवात चाल दिली, भीमसेनांनी तो घरोघरी पोहोचविला आणि तेथून तो दक्षिणेत गेला. या अभंगाची पहिली तीन कडवी क्रियापदावाचून उभी आहेत. एकेका संस्कृतोद्भव नामापुढे विठ्ठलाचे नाव येते, आणि ती नामे स्थळ, पूजा, आप्त, गुरू अशी क्रमाने सरकत जातात. माता, पिता, बंधू, गुरू यांपैकी एकही शब्द कानडी श्रोत्याला परका नाही. चरणांची अक्षरेही समान नाहीत. नावाच्या आवर्तनाने आणि चालीने ती सांधली जातात. बेंगळूरचा श्रोता हा अभंग समजत नाही असे म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे. तीन कडव्यांपुरता तो त्याला बहुतांशी समजतो.

अडचण चौथ्या कडव्याची आहे. तेथे नामदेव नामांची मालिका थांबवून बोलू लागतात, आणि अभंगात प्रथमच खरे क्रियापद येते : ‘सापडणे’. विठ्ठल त्यांना प्राप्त झाला नाही, त्याचे दर्शन घडले नाही, साक्षात्कारही झाला नाही, तो सापडला. हरवलेली वस्तू सापडते, वाटेत नाणे सापडते, गर्दीत चुकलेले मूल सापडते. आधीच्या तीन कडव्यांतील सारी भारदस्त नामे या एका घरगुती क्रियापदापाशी येऊन विसावतात आणि मागे वळून त्यांचा अर्थ बदलतो. तीर्थ, देवपूजा, गोत्र ही ज्या ज्या ठिकाणी शोधली असती ती सर्व ठिकाणे या एका सापडण्यात निकालात निघतात. त्यानंतर ‘पाड’ हा शब्द येतो, ज्याला एका शब्दात बसणारा पर्याय कोणत्याही अनुवादकाला सहज मिळणार नाही. किंमत, प्रतिष्ठा, बरोबरी या तिन्हींची छटा त्यात आहे. कळिकाळाला आता हिशेबात धरण्याचे कारण उरले नाही, असे ती ओळ सांगते. अभंगाचे काव्य येथे आहे, आणि नेमके हेच कडवे परभाषिक श्रोत्याच्या हाती लागत नाही.

गायनपद्धतीने या कडव्यावर आणखी एक पडदा पडतो. कृतीचा अनुपल्लवी-चरणांचा प्रवास पुनःपुन्हा पल्लवीकडे वळतो, आणि तुकड्यातील अभंगही त्याच घाटात बसविला जातो. पहिली ओळ पल्लवी होते. मराठी भजनातही ध्रुवपद परत येते हे खरे. पण तेथे ते टाळकरी उचलतात, आणि नाममुद्रेच्या चरणापाशी मुख्य गायक त्यांना थांबवितो, कारण कवीचा शब्द आता येणार आहे हे सर्वांना ठाऊक असते. कचेरीत टाळ्यांचा कळस पहिल्या ओळीच्या वाढत्या लयीवर होतो. सापडल्याची वार्ता सांगितली जाते, पण ती कोणी ऐकत नाही.

उलट एका बाबतीत कानडी कान मराठी कानापेक्षा सरस ठरतो. बोलभाषेत आपण शब्दान्तीचा अकार सोडून देतो. अक्षरगणनेवर उभा असलेला अभंग मात्र तो अकार मोजतो. कानडी माणूस बोलतानाही तो उच्चारतो, म्हणून ‘विठ्ठल’ची तीन अक्षरे त्याच्या तोंडी प्रयासावाचून पूर्ण उमटतात. दंततालव्य ‘च’ आणि ‘ज’ यांचे तालव्य उच्चार मराठी श्रोत्याला खटकतील. पण छंदाच्या दृष्टीने पाहता कवितेची एक जुनी मालमत्ता या उच्चारात सुरक्षित आहे.

अशी निवड एका अभंगापुरती राहिली तर चिंतेचे कारण नाही. परंतु नाममालिकेचे अभंग प्रवास करतात आणि बोलण्याच्या अंगाने जाणारे अभंग मागे राहतात, असा नियमच बनला तर दक्षिणेतील श्रोत्याच्या मनात संतकाव्याचे एक अपुरे चित्र तयार होते. जनाबाईचे जाते, तिच्याबरोबर दळणारा आणि शेण वेचणारा देव, तुकोबांचे देवाशी चाललेले भांडण, चोखामेळ्याची दाराबाहेरची व्यथा ही सारी या चित्राबाहेर पडतात. ज्या कवितेने रोजच्या जगण्यातील भाषा देवापुढे नेली, तिची रोजची भाषाच प्रवासात गळून जावी, हे नुकसान लहान नव्हे.

हा दोष बेंगळूरच्या श्रोत्यांचा मानणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रातील सभागृहांत भीमसेनांच्या तोंडून ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ हे पुरंदरदासांचे पद ऐकताना मराठी रसिकही असाच डोलत आला आहे. लक्ष्मीने पैंजणांच्या नादात पावलावर पाऊल टाकीत यावे, ताक घुसळताना लोणी वर यावे तसे यावे, असे ते पद म्हणते. ‘बारम्मा’तील आर्जव मराठी श्रोत्याच्या कानी पडते, पण ताकातले लोणी त्याला मिळत नाही. दासांच्या पदातील स्वयंपाकघर आणि संतांच्या अभंगातील जाते, दोन्ही एकमेकांच्या शेजारी असूनही दोन्हीकडचे रसिक केवळ माजघराचा आवाज ऐकून परततात.

मग उपाय काय? संगीताला भाषा नसते, हे वचन येथे उपयोगी पडत नाही. अभंगाला भाषा आहे. मुख्य कार्यक्रमाआधी विद्वानांची व्याख्याने ठेवणे हाही मार्ग नव्हे. तुकड्याची वाट पाहणारा श्रोता व्याख्यानाला येत नाही. उत्तर त्या जुन्या वाटेवरच आहे. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात कीर्तनकार एक अभंग घेतो आणि त्याचे निरूपण करतो. गातो, थांबतो, समोरच्या माणसांच्या भाषेत सांगतो आणि पुन्हा गातो. दक्षिणेत गेलेल्या कीर्तनात साकी आणि अभंग मराठी राहिले, निरूपण मात्र तेथील भाषेत झाले. म्हणूनच तंजावरच्या श्रोत्याला मराठी न येताही मराठी काव्य भेटले. हरिकथाकार हा त्या काळचा अनुवादक होता, आणि त्याचा अनुवाद गाण्याच्या आतच बसलेला होता. हरिकथेतून अभंग कचेरीत आला तेव्हा चाल आली, ताल आला, नाम आले. निरूपण तेवढे मागे राहिले. आजची उणीव मराठीच्या अज्ञानाची नाही, ती या सुटलेल्या दुव्याची आहे.

हा दुवा पुन्हा जोडण्यास फार मोठे आयोजन लागत नाही. अखेरच्या कडव्यापूर्वी गायकाने एक वाक्य कानडीत सांगावे, आणि ते कडवे लय न वाढविता एकदा तरी स्पष्ट म्हणावे. एवढ्याने मैफलीचा रस भंगत नाही. अनुवादकांच्या वाट्यालाही काम येते. संतकाव्याचे अनुवाद सहसा छापील पानासाठी केले जातात आणि अभ्यासकांच्या कपाटात राहतात. गायकाला मैफलीत सांगता येईल असा, एका श्वासात बसणारा अनुवाद हा वेगळा वाङ्मयप्रकार आहे आणि तो मराठी व कानडी या दोन्ही बाजूंनी लिहिला जावयास हवा. त्याची कसोटी कठीण आहे, कारण ‘सापडला’ या शब्दातील नाणे आणि चुकलेले मूल त्या एका वाक्यात आले पाहिजे.

असे झाले तर चामराजपेठेच्या मंडपातील टाळ्या कमी होणार नाहीत. कदाचित अखेरच्या कडव्यापाशी त्या क्षणभर थांबतील, आणि मराठी न येणाऱ्या श्रोत्यालाही नामदेवांना काय सापडले हे कळेल.