'लाईट' गेली म्हणजे काय गेले?

मंठ्यात भर दुपारी "लाईट गेली" असे कोणी म्हटले, तर आपण आकाशाकडे पाहत नाही. पंखा थांबला, एवढेच समजतो. इंग्रजी 'लाईट'चे प्रकाश आणि हलका हे अर्थ शाळेत सांगितले जातात. 'वीज' हा अर्थ आपण त्याला मराठीत दिला. बोलण्यात त्याने काही अडत नाही. पण सेमी-इंग्रजी वर्गात 'स्पीड ऑफ लाईट' शिकताना मुलासमोर तारेतली वीज उभी राहिली, तर दोष कोणाचा?

आमची तक्रार आहे ती शब्दार्थांच्या वहीबद्दल. एक शब्द, मध्ये बरोबरचे चिन्ह, पुढे एकच अर्थ. 'पॉवर = शक्ती'. हाच शब्द बीजगणितात घात असतो, भौतिकशास्त्रात दर सेकंदाला होणारे कार्य (एकक वॅट), भिंगाच्या पाठात डायॉप्टरमध्ये मोजली जाणारी शक्ती, तर इतिहासात सत्ता. '2 ची शक्ती 3' असे लिहिणारा विद्यार्थी आळशी नसतो. त्याने वहीवर विश्वास ठेवलेला असतो. गुण मात्र त्याचेच जातात.

1960 साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश काढले, ही मोठीच सोय झाली. 'सेल' जीवशास्त्रात पेशी झाला, विजेच्या प्रकरणात घट. घोटाळा टळला, पण एक नातेही हरवले. रॉबर्ट हूकने 1665 मध्ये बुचाच्या कापात लहान खोल्यांसारखे कप्पे पाहून हे नाव दिले. विजेच्या घटालाही ते नाव मिळाले ते जुन्या बॅटरीच्या पेटीतील कप्प्यांमुळेच. हे वर्गात सांगितले, तर दोन्ही अर्थ एकदमच लक्षात राहतात.

मराठीत असे घोटाळे नाहीत, हा अभिमानही नको. व्याकरणात 'कर', 'जा' हे धातू. रसायनशास्त्रात लोखंड, तांबे हे धातू. अंश तापमापीवर असतो आणि अपूर्णांकातही. तरी मुले सहसा अडखळत नाहीत, कारण हे शब्द त्यांना त्या त्या विषयाच्या वाक्यातच भेटतात.

म्हणून आम्ही सुचवतो : वहीत आणखी दोन रकाने आखावेत, विषय आणि वाक्य. आपल्या जालन्यात पोलादाचे कारखाने आहेत आणि बियाण्यांच्या कंपन्याही. पहिल्या ठिकाणी 'प्लांट' म्हणजे कारखाना, दुसऱ्या ठिकाणी रोप. सुरुवात याच शब्दापासून करता येईल.