सकळ लिपी आणि ‘विसंकेतना’चे रूपक

संरचनावादी विचारव्यूहाच्या परिचयानंतर मराठी समीक्षेत ‘वाचन’ या शब्दाची जागा अनेकदा ‘विसंकेतन’ या संज्ञेने घेतली. या संज्ञेत एक गृहीतक दडलेले आहे: अर्थ संहितेमागे आधीच सिद्ध असतो, किल्ली हाती आली की तो उलगडतो. ज्यांच्या पोथ्या खरोखरच सांकेतिक लिप्यांत बद्ध होत्या, त्या महानुभावांच्या वाङ्मयावर हे गृहीतक घासून पाहणे उद्बोधक ठरते.

सकळ, सुंदरी इत्यादी लिप्यांपैकी सकळ लिपी विशेष प्रचलित. तिचे तत्त्व प्रतिस्थापनाचे: देवनागरी वर्णाच्या जागी ठरलेले दुसरे चिन्ह. असे लेखन फोडण्याची रीत अल्-किंदीने नवव्या शतकातच सांगितली होती. कोणते चिन्ह किती वेळा येते ते मोजावे आणि भाषेतील वर्णांच्या वारंवारतेशी ताडून पाहावे. चिन्हाचे रूप पालटले तरी त्याचा शेजार आणि त्याची पुनरावृत्ती पालटत नाहीत. लीळांमध्ये तर चक्रधरांच्या वचनापूर्वी ठराविक शब्द पुनःपुन्हा येतात. लिपी फोडू पाहणाऱ्याला एवढा धागाही पुरावा. चिन्हाचे मूल्य रूपात नसून परस्परसंबंधांत असते, या सोस्यूरच्या प्रतिपादनाला (१९१६) याहून रोकडा पुरावा मिळणे कठीण.

विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या परिश्रमांनी ही लिपी पंथाबाहेरील अभ्यासकांना खुली झाली. येथे एक गोष्ट नजरेआड होते. पंथातील दीक्षिताला ही अक्षरे कधी ‘फोडावी’ लागलीच नाहीत. सराव झालेल्या डोळ्यांना ती केवळ लिपीच होती. म्हणजे पोथी तीच, परंतु एकाला ती कुलूप, दुसऱ्याला उघडे पान. गूढता संहितेत वसत नाही, वाचकाच्या स्थानावर अवलंबून असते. स्टुअर्ट हॉलने १९७३ साली संकेतन व विसंकेतन यांत अपरिहार्य एकरूपता नसते असे मांडले, तेव्हा त्याने ‘संकेत’ या शब्दाला बीजलेखनाच्या अर्थापासून बरेच दूर नेले होते. आपल्याकडील वापरात मात्र संज्ञा हॉलची आणि धारणा कुलूपकिल्लीची, असा घोटाळा राहिला.

सकळ लिपीच्या कोष्टकातून वर्ण मिळाले, आणि संपादकांचे खरे काम त्यानंतर सुरू झाले. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली आले ते स्वच्छ देवनागरीत. तरीही कोणता पाठ स्वीकारावा आणि एखाद्या लीळेतील प्रसंगाचा रोख कोणाकडे आहे, हे ठरवताना ते कोष्टक उपयोगी पडत नाही.