अवस्थांतरवाचक 'येणे' व 'जाणे': एक टिपण

'गो मॅड', 'गो ब्लाइंड', 'कम ट्रू', 'फॉल इल', 'रन ड्राय' यांसारख्या प्रयोगांत इंग्रजी भाषा अवस्थांतर सांगण्यासाठी गतिवाचक क्रियापदे योजते. यांपैकी 'कम' आणि 'गो' यांविषयी ईव्ह क्लार्क यांनी १९७४ मध्ये 'लँग्वेज' या नियतकालिकात असे प्रतिपादिले की, स्वाभाविक अथवा वक्त्यास इष्ट अवस्थेकडे होणारे संक्रमण 'कम'ने आणि तीपासून दूर नेणारे 'गो'ने व्यक्त होते. इंग्रजीपुरता हा सिद्धांत बहुतांशी ग्राह्य आहे. तो मराठीस लावता येईल काय, हा प्रश्न आहे.

'शुद्धीवर येणे', 'वाया जाणे' हे प्रयोग त्यास अनुकूल दिसतात. परंतु ताप, चक्कर, रडू ही सारी येतात, आणि ताप जातो तेव्हा रोगी बरा होतो. येथे व्यक्ती चतुर्थीत असून अवस्थाच कर्ता आहे. म्हणून ही उदाहरणे निर्णायक नव्हेत, असे कोणी म्हणेल. तथापि जेथे बदलणारी वस्तूच कर्ता आहे, तेथेही इष्टानिष्टतेचा निकष टिकत नाही. धंदा भरभराटीस येतो, तसाच डबघाईसही येतो. माणूस नावारूपास येतो, तसाच जेरीसही येतो.

मग भेद कशाचा? आमच्या मते तो प्रकटतेचा आहे. मोडकळीस आलेला पेठेतील वाडा अजून डोळ्यांसमोर उभा असतो. लयास गेलेले राज्य दिसत नाही. अवस्था समोर प्रकटली की 'येणे', वस्तू वा गुण दृष्टीआड झाला की 'जाणे'. 'दृष्टी जाणे', 'विस्मृतीत जाणे' हे प्रयोग यात सहज बसतात. भिंतीस 'तडा जाणे' हा मात्र अपवाद राहतो. तडा प्रकट होऊनही 'जातो'. त्याची स्वतंत्र चिकित्सा व्हावयास हवी.

भाषांतरकारासही हा विचार उपेक्षणीय नाही. 'गो बॅड' यास सर्वत्र 'खराब होणे' लिहिण्याची सवय जडली आहे. वस्तुतः दूध नासते, शिजविलेले अन्न विटते, फळ सडते, खोबरे खवट होते. इंग्रजी क्रियापद केवळ दिशा सांगून गुणाचा भार विशेषणावर टाकते. मराठी क्रियापद बहुधा प्रथम पदार्थ कोणता, हे विचारते. 'होणे'च्या सरसकट वापराने ही विचारणाच लोपते आणि भाषेची एक शक्ती वापरावाचून पडून राहते.